पिनकोडवर मिसळीची पैज

प्रश्न: रंकाळ्यावर मित्राशी मिसळीची पैज लागलीया, आपल्या कोल्हापूरचा पिनकोड 416001 ही मूळ संख्या आहे म्हणतोय तो, खरं काय?

उत्तर: मिसळ तुमचीच हो! अंकांची बेरीज 12 येते, तिला 3 नं भाग जातो म्हणजे आख्ख्या संख्येलाही जातो, पैज तिथंच संपली. पण खरी गंमत पुढं आहे, भागाकार येतो 138667, याच्या अंकांची बेरीज 31 म्हणजे 3 चा विषय मिटला, मग 7, 11, 13 करत बसायचं आणि 23 ला एकदम सुटतं, येतात 6029. हे मात्र पक्कं मूळ, 73 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघितल्या (कॅल्क्युलेटरवर, खोटं कशाला बोलू). विभाजक एकूण 8. पूर्ण वर्ग व्हायचं तेवढं थोडक्यात हुकलंय, 645 चा वर्ग 416025, फक्त 24 नं जास्त.