सेकंड लाइफमधलं दुकान चालतंय, नोकरी सोडू का?

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे. नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला काम करते, हातात ३४ हजार येतात. काही वर्षांपासून सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात आहे. लॉकडाउनमध्ये ब्लेंडर हे थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर शिकले आणि आता तिथे नऊवारी, नथ, झोपाळे, तुळशीवृंदावन असं बनवून विकते. अलीकडे महिन्याला ६० हजार लिंडन डॉलरची (तिथले पैसे) विक्री होते, म्हणजे साधारण २० हजार रुपये. आठवड्याचे २५ तास त्यात जातात. रात्री दोनपर्यंत जागते आणि ऑफिसात डोळे मिटतात. पूर्ण वेळ दिला तर विक्री दुप्पट होईल असं वाटतं. सासूबाई म्हणतात, खेळापायी कुणी पगार सोडतं का? नवरा म्हणतो, तुझं तू ठरव, पण हिशेब दाखव. मला भीती वेगळीच आहे. याचं काम झालं की त्यातली मजा जाईल का?

उत्तर : हिशेबापासूनच सुरुवात करू. ६० हजार लिंडन डॉलर ही तुमची विक्री आहे, मिळकत नव्हे. नोकरीचा निर्णय या दोन्हींतल्या फरकावर ठरणार आहे.

समजा, ६० हजारांतले ४० हजार मार्केटप्लेस या सेकंड लाइफच्या वेब-बाजारातून येतात. तिथलं कमिशन १० टक्के, म्हणजे ४ हजार गेले. ग्रिडवरच्या, म्हणजे त्या जगातल्या, दुकानाच्या जागेचं भाडं आठवड्याला दीड हजार धरलं तर महिन्याचे साडेसहा हजार. दोन इव्हेंटमध्ये, म्हणजे तिथल्या विक्री-जत्रांत, जागा घेत असाल तर त्यांची फी सहा हजारांच्या आसपास. टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) आणि मेशचं (थ्रीडी आकार) अपलोड, जाहिरातीचे फोटो, डेमो वगैरे साडेतीन हजार. उरले ४० हजार. एका अमेरिकी डॉलरला २५० लिंडन या ढोबळ दराने झाले १६० डॉलर. लिंडेक्स या तिथल्या विनिमय-बाजारात लिंडन विकताना होणारी कपात, पैसे बाहेर काढायचं शुल्क आणि पेपॅलचा विनिमय दर यांचे मिळून दहा टक्के धरा. हातात १४४ डॉलर, म्हणजे ८५ रुपयांच्या भावाने सव्वाबारा हजार रुपये. आठवड्याला २५ तास म्हणजे महिन्याला शंभराच्या वर तास होतात. तासाला ११०-११५ रुपये पडले, तेही कर भरण्याआधी. यातले खर्चाचे आकडे धरलेले आहेत. तुम्ही स्वतःचे घालून हाच तक्ता करा. सेकंड लाइफच्या संकेतस्थळावर जुन्या व्यवहारांची यादी फार काळ राहत नाही, म्हणून दर महिन्याला ती उतरवून ठेवा.

तासही प्रामाणिकपणे मोजा. मॉडेलिंग आणि टेक्श्चरिंगचे तास सगळे मोजतात. "माझी साडी आलीच नाही", "बेली बटण दिसतंय", "हे माझ्या बॉडीवर (अवताराच्या विकतच्या शरीरावर) बसत नाही" असल्या संदेशांना उत्तरं देण्याचे तास मात्र सुटतात, आणि दुकान वाढलं की वाढतात तेच.

आता "पूर्ण वेळ दिला तर दुप्पट" याकडे येऊ. मला हे पटत नाही. सेकंड लाइफमध्ये विक्री नव्या वस्तूमागे येते. इव्हेंटच्या पहिल्या आठवड्यात उसळते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसते. तुमचे तास दुप्पट झाले तर नव्या वस्तू दुप्पट होतील, पण नऊवारी हवी असणारी माणसं तेवढीच राहतील. खरं काय ते कळायला एक सोपी चाचणी आहे. सहा आठवडे नवीन काहीही काढू नका, इव्हेंट घेऊ नका, फक्त दुकान उघडं ठेवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जी विक्री उरेल ती तुमच्या दुकानाची खरी ताकद. ती आजच्या निम्म्याहून जास्त असेल तर पाया आहे. पाव भागावर आली, तर आज तुम्ही दुकान चालवत नाही, दर पंधरा दिवसांनी नवं दुकान उघडता आहात.

जागरण मात्र आजच थांबवा, त्यासाठी कुठलाही निर्णय व्हायला नको. ग्रिडचं घड्याळ पॅसिफिक वेळेवर चालतं. भारत त्याच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. रात्री दोनपर्यंत जागून जे ग्राहक भेटतात ते बहुतेक युरोपातले, संध्याकाळ घालवायला आलेले. त्यांना तुम्ही समोर असायची गरज नाही. कॅस्परव्हेंडसारखी विक्रीयंत्रणा लावा, म्हणजे हरवलेली वस्तू ग्राहक स्वतःच पुन्हा मागवून घेईल. तक्रारी नोटकार्डवर (तिथली चिठ्ठी) मागवा आणि तसं प्रोफाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा. ऑफलाइन संदेशांना मर्यादा असते, ती भरली की पुढचे गळतात आणि ग्राहक एक तारा देऊन मोकळा होतो. उत्तरं सकाळी अर्धा तास, एका बैठकीत.

वस्तूंबद्दलही थोडं बोलू, कारण तासाचा भाव वाढवायचा खरा रस्ता तिथे आहे. नऊवारी हे अवघड काम आहे आणि तुमची ताकदही तीच आहे. पाय वेगळे असल्याने ती पाचवारीपेक्षा रिगिंगला, म्हणजे अवताराच्या हाडांना जोडायला, सोपी वाटते. पण डेव्हकिटमधल्या (बॉडी बनवणाऱ्यांनी दिलेल्या संचातल्या) शरीरावरून वेट (कुठलं हाड किती ओढेल ते प्रमाण) सरळ उतरवून घेतले की काष्ट्याच्या मधल्या पट्टीचा डावा अर्धा डाव्या मांडीला चिकटतो, उजवा उजव्या मांडीला, आणि अवतार बसला की पट्टी मधोमध फाटल्यासारखी ताणते. मधली पट्टी मुख्यतः पेल्व्हिसच्या हाडाला द्या आणि तीन-चार एज लूपमध्ये (कडांच्या रांगांत) हळूहळू मांड्यांकडे सोडा. पदराचा लोंबता भाग टॉर्सो आणि चेस्टवर ठेवा, खांद्याच्या हाडाचे वेट त्यावरून पूर्ण काढा. नाहीतर हात वर केला की पदर पंख्यासारखा उघडतो. एका व्हर्टेक्सला (बिंदूला) चारच हाडं चालतात, म्हणून शेवटी ब्लेंडरमध्ये वेटची संख्या चारवर आणा. चाचणी नुसत्या चालण्यावर उरकू नका. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि लावणीची बैठक या दोन्हींत बघा, कारण नऊवारी घेणारी व्यक्ती ती नेसून नाचणारच आहे. ही सगळी अपलोडं चाचणीच्या ग्रिडवर करा. मुख्य ग्रिडला अग्नी म्हणतात आणि चाचणीच्या ग्रिडला अदिती. तिथे खरे पैसे जात नाहीत.

काठ-पदराची नक्षी स्वतः काढा. नारळी काठ, मुनिया, बांगडी मोर, आसावली या परंपरेच्या नक्ष्या आहेत, पण एखाद्या दुकानाच्या कॅटलॉगमधला फोटो उचलून टेक्श्चर केलं तर तो फोटो त्यांचा असतो. विकत घेतलेल्या फुल-पर्म (सगळ्या परवानग्यांसह मिळणाऱ्या) टेम्प्लेटच्या परवान्यातल्या अटीही शब्दन्‌शब्द वाचा.

झोपाळ्यात मात्र तुमचे तास वाचू शकतात. साखळीची एकेक कडी मॉडेल करत असाल तर थांबा. लांबट सपाट पट्ट्यांवर साखळीचं टेक्श्चर लावा आणि पारदर्शकता अल्फा ब्लेंडिंगऐवजी मास्किंगवर ठेवा. ब्लेंडिंगमध्ये मागचं पुढे दिसण्याचा घोळ होतो. एलओडीच्या, म्हणजे लांबून बघताना कमी होणाऱ्या तपशिलाच्या, चारही पातळ्या हाताने बनवा, उदाहरणार्थ ६०००, २५००, ७०० आणि १५० त्रिकोण. खालच्या पातळ्या शून्यावर टाकून लँड इम्पॅक्ट (वस्तू जागेच्या कोट्यातला किती भाग खाते तो आकडा) कमी दाखवायचा मोह होतो, पण मग दहा पावलांवरून झोपाळ्याच्या चिंध्या दिसतात. १०२४ चौरस मीटरच्या साध्या जागेला ३५१ लँड इम्पॅक्ट मिळतो. अठराचा झोपाळा घेताना माणूस विचार करतो, सहाचा सहज घेतो. कपड्यांपेक्षा अशा घरगुती वस्तू जास्त काळ विकल्या जातात, कारण त्या बॉडीवर अवलंबून नसतात.

आणि बॉडी बदलतात, हे तुम्ही पाहिलं आहे. २०२३च्या अखेरीस मैत्रेया या ब्रँडची लाराएक्स ही नवी बॉडी आली आणि कपडे बनवणाऱ्यांना जुना माल पुन्हा रिग करावा लागला. त्याच सुमाराला पीबीआर मटेरियल (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारं) आलं आणि चांगल्या दिसण्याची पट्टी वर सरकली. त्याआधी २०२१च्या ऑगस्टअखेर सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने गाचा यंत्रांची (पैसे टाकून नशिबाने वस्तू देणारी) विक्री बंद केली. ज्यांचा धंदाच गाचावर होता त्यांना सावरायला महिनाभरही मिळाला नाही. यात कुणाची लबाडी नाही. दुकान दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, एवढंच. लिंडन डॉलरही कंपनीच्या अटींप्रमाणे चलन नसून वापरण्याचा परवाना आहे. म्हणून शिल्लक तिथे साठवू नका, दर महिन्याला काढून घ्या. २००३पासून हे जग टिकून आहे ही जमेची बाजू खरी, पण ते टिकलं म्हणजे तुमचा माल टिकला असं होत नाही. या जगातल्या पहिल्या लक्षाधीश म्हणून २००६मध्ये गाजलेल्या अँशी चुंग यांचं उदाहरण तुम्हाला कुणी देईल. त्यांची कमाई जमिनीच्या व्यवहारातली होती, साड्या-कपड्यांची नव्हे.

मजा जाईल का, याचं उत्तर : काही प्रमाणात जाईल, आणि ती वाचवायची सोय आधीच करावी लागेल. दुकानासाठी वेगळा अवतार करा. मित्रमंडळींत रविवारी बसताना ग्राहकांचे संदेश येणार नाहीत. एक अडचण माहीत असू द्या. वस्तू अपलोड करणाऱ्याचं नाव तिच्यावर कायमचं राहतं, त्यामुळे जुना माल जुन्याच नावावर दिसेल, नवा नव्या. मार्केटप्लेसच्या वर्णनात तसं लिहिलं की लोकांचा गोंधळ होत नाही. शिवाय एक गोष्ट विक्रीला न काढण्याची ठरवा. तुळशीवृंदावन ठरवलंत तर ते फक्त स्वतःसाठी आणि भेट द्यायला. मागणी आली तरी नाही म्हणा. विक्रीचा आकडा न बघता बनवलेली एक तरी वस्तू हातात असली की बाकीच्या दहांचं ओझं कमी वाटतं, असं मला मनापासून वाटतं.

नोकरीचं नेमणूकपत्र काढून बघा. दुसरं काम करू नये अशी अट असते, आणि कधी कधी नोकरीच्या काळात बनवलेलं सगळं कंपनीचं अशीही असते. तशी असेल तर लेखी परवानगी मागा. कंपनीच्या लॅपटॉपवर ब्लेंडरची एकही फाइल ठेवू नका. तारखांसकट मूळ .ब्लेंड फाइली घरी जपा. कुणी तुमचा माल कॉपी करून विकला तर कॉपीराइटच्या तक्रारीला त्या कामी येतात. मात्र त्या तक्रारीत खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, याची मनाची तयारी ठेवा.

कराचं तुम्हाला निम्मं माहीत असणारच. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ चालत नाही. टीडीएस वजा जाऊन कर १० हजारांवर गेला तर अॅडव्हान्स टॅक्स लागतो. सेवांसाठी जीएसटीची २० लाखांची मर्यादा अजून लांब आहे. सीएला एक प्रश्न मात्र नेमका विचारा : लिंडन डॉलरचे व्यवहार साधं व्यवसाय उत्पन्न धरायचे, की आभासी डिजिटल मालमत्तेच्या ३० टक्के कराच्या तरतुदीत? त्याचं मत लेखी घ्या. पेपॅलकडून परदेशी रक्कम आल्याची पत्रकं दर महिन्याला जपा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पगार बदलायचा असेल तर दुकानापेक्षा तुमचा हात जास्त किमतीचा आहे. कापडाचं स्वच्छ टोपोलॉजीतलं मॉडेल, व्यवस्थित यूव्ही (टेक्श्चर बसवायचा नकाशा), बेक केलेलं पीबीआर आणि न फाटणारं रिगिंग येणारी माणसं गेम स्टुडिओंना, दागिने आणि फर्निचर ऑनलाइन विकणाऱ्यांना, घरांची थ्रीडी चित्रं करणाऱ्यांना लागतात. पुण्यात असं काम आहे, घरून करण्यासारखंही आहे. पोर्टफोलिओत सहाच वस्तू ठेवा. प्रत्येकीचा वायरफ्रेम, यूव्हीचा नकाशा आणि गोल फिरणारा छोटा व्हिडिओ द्या. सेकंड लाइफमधला फोटो एकच पुरे. नऊवारी पहिली ठेवा, कारण ती दुसऱ्या कुणाकडे नसेल. काही स्टुडिओ माया हे सॉफ्टवेअर मागतात, त्याची निदान तोंडओळख करून घ्या.

तर आज राजीनामा नको. पुढच्या बारा महिन्यांतल्या नऊ महिन्यांत सगळा खर्च जाऊन २५ हजार रुपये हातात आले, तेही आठवड्याला २५ तासांतच, आणि घरखर्चाचे आठ महिन्यांचे पैसे वेगळे पडले, तर कंपनीशी कमी दिवसांच्या कामाबद्दल बोला. ते नाही म्हणाले तरच सोडण्याचा विचार. तोवर कंपनीच्या विम्यावर विसंबू नका. स्वतःची आरोग्य पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो.