स्टिरॉइड हार्मोन शिकताना आधी स्टार प्रोटीन पकड
कोलेस्टेरॉलपासून स्टिरॉइड हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमचा तो मोठा चार्ट पाठ करत बसू नकोस आत्ताच, डोकं नुसतं भणभणतं. आधी हे पक्कं कर की पेशी स्टिरॉइड हार्मोन साठवून ठेवत नाही, इन्सुलिनचा असतो तसा तयार साठा इथे नसतोच, सिग्नल आला की ताजं बनवायचं. म्हणजे कंट्रोल सगळा बनवण्यावरच.

आता अॅड्रिनलची, म्हणजे किडनीवरच्या, कॉर्टिसॉल हे स्टिरॉइड हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची पेशी घे. एसीटीएच (पिट्यूटरीकडून येणारं सिग्नल हार्मोन) रिसेप्टरला चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतं, त्याने पीकेए हे एन्झाइम कामाला लागतं आणि स्टार नावाचं प्रोटीन बनायला लागतं, ते कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरून आतल्या पडद्यावर पोचवतं, आणि खरी अडचण तिथेच असते बघ, कारण २७ कार्बनच्या कोलेस्टेरॉलचं २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन (पुढच्या स्टिरॉइड हार्मोनचा पहिला टप्पा) करणारं एन्झाइम आत आधीपासून बसलेलंच असतं, त्याला फक्त माल, म्हणजे कोलेस्टेरॉल, मिळत नसतो. स्टार जन्मतःच बिघडलेलं असलं तर कोलेस्टेरॉल पेशीत साचत जातं आणि कॉर्टिसॉल जवळपास बनतच नाही.

हे झालं मिनिटांतलं काम. एन्झाइमच्या जीनचं काम वाढवणं तासा-दिवसांचं, ते नंतर वाच. आणि वाढलेलं कॉर्टिसॉल वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला आणि त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला गप्प करतं, तो फीडबॅक स्वतः बाण काढून बघच.