दुसरा विस्तव

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. पूर्वपरीक्षा निघाली नसताना निघाली म्हणालास, बाबांनी त्याच रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पेढे वाटले, आणि आज सांगतो, उद्या सांगतो म्हणता म्हणता फेब्रुवारीत ते गेले. मधल्या काळात किती फोनवर तेच खोटं रेटलंस, तेही मोजून लिहिलंस. अकरा. त्यातला एक पेढा माझ्याही हातावर पडला होता, बाळा.

‘देव माफ करतो, मनाला लावून घेऊ नकोस’ असं तुला चारजणांनी सांगून झालंय. ते खोटं नाही, पण तुझं दुखणं वेगळं आहे. ज्याच्या पाया पडून खरं बोलायचं, तो माणूसच मातीआड झाला. हे मला ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ आणि मी घराच्या वाटणीवरून नऊ वर्षं बोललो नाही. तो आजारी असल्याचं कळलं, मी शनिवारी निघायचं ठरवलं, आणि तो गुरुवारी गेला.

तेव्हा पाळकसाहेबांनी मला काही उपदेश केला नाही. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा आणि एकविसावा अध्याय एका बैठकीत वाच, एवढंच म्हणाले. तूही तेच कर. अठराव्यात येशूला पकडून नेलंय, थंडीची रात्र आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय आणि येशूचा शिष्य पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकतोय. तिथेच तो म्हणतो, मी त्या माणसाचा शिष्य नाही. तीन वेळा. दुसऱ्या दिवशी येशू वधस्तंभावर मरतो. मधल्या दोन रात्री पेत्रानं कशा काढल्या असतील, हे तुझ्याइतकं कोण जाणणार? त्यालाही वाटलं असेल, आता कुणाला सांगू?

मग एकविसावा. तिबिर्याच्या समुद्राचा काठ, उजाडायची वेळ, रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही. किनाऱ्यावर मरणातून उठलेला प्रभू उभा आहे आणि त्याच्यापुढे पुन्हा कोळशाचा विस्तव. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच जागी येतो. आज विस्तवावर मासळी भाजतेय, शेजारी भाकर आहे. पेत्र पाण्यात उडी टाकून काठाला आला तेव्हा धुराचा तोच वास नाकात गेला असेल. प्रभूनं ती रात्र पुसली नाही. त्याच जागी त्याला पुन्हा उभं केलं, पण आधी जेवू घातलं. खाणं झाल्यावर विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तेही तीन वेळा. ‘असं का केलंस’ हे एकदाही नाही. आणि लगेच काम दिलं: माझी मेंढरं पाळ.

मार्कानं त्याच्या शुभवर्तमानात एक बारीकशी गोष्ट टिपून ठेवलीय. येशूच्या रिकाम्या कबरेतला तरुण तिथे आलेल्या बायांना म्हणतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र काय शिष्यांत नव्हता? होता. पण नाव घेऊन बोलावल्याशिवाय तो आला नसता. तूही तीन रविवार आला नाहीस, म्हणून हे लिहितोय.

हे सारं कबर खरोखर रिकामी होती म्हणून. प्रेषित पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. माझीही सगळी मदार तिथेच आहे. तो उठला नसेल तर माझ्या भावाशी माझं बोलणं कायमचं तुटलं, तुझं बाबांशी तुटलं. तो उठला, म्हणून ते अर्धं राहिलंय, एवढंच.

मात्र जखम नाहीशी होईल असं समजू नकोस. उठलेल्या प्रभूचे जे हात थोमा या शिष्याला दिसले, त्यांवर खिळ्यांचे व्रण होतेच. पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात आईवडील आणि बहीण भुकेनं गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती हा त्यांचा आश्रम उभा राहिला. वाळून काटकी झालेली पोर कशी दिसते, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. १९२१मध्ये पोटची मनोरमाही गेली. तरी बायबलचं भाषांतर त्यांनी खाली ठेवलं नाही; पुढच्याच वर्षी एप्रिलात स्वतः गेल्या. दुःख आवरल्यावर कामाला लागू, असं त्या म्हणत बसल्या असत्या तर?

आता कामाचं. आईला खरं सांग. फोनवर नको, घरी ये, तिच्यासमोर बस. ती रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. ते सोस. पेढ्यांची गोष्ट आधी सांग, कारण तुला तीच सगळ्यात जड जातेय. चर्चच्या मंडळीला सांगायचं की नाही, ते आई ठरवेल. पुढे परीक्षा द्यायची की दुसरं काही धरायचं, हे आत्ता ठरवूच नकोस. उपाशीपोटी, जागरणानं लाल डोळ्यांनी घेतलेले निर्णय मी फार पाहिलेत. आणि आपल्या संडेस्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायला कुणी नाही. ‘मी लायक नाही’ हे उत्तर मी धरणार नाही.

ईस्टरला पहाटे प्रभातफेरी कबरस्तानात जाते, तुला माहीत आहेच. त्याआधी शनिवारी संध्याकाळी आपण दोघं जाऊ. बाबांच्या कबरीवर अजून दगड बसलेला नाही, माती एका बाजूनं खचलीय आणि बाभळीची दोन रोपं उगवलीत. फावडं माझ्याकडे आहे. तू पाण्याची कळशी आण, आणि मेणबत्त्या आईलाच घेऊ दे.

तुझा,
सर