टायमिंग बेल्ट बदलताना व्हॉल्व्ह वाकू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी?

आपला बेल्ट तुटलेला नाही, तो मुदत संपल्यामुळे बदलायचा आहे, आणि तो नुसता काढल्यानेही व्हॉल्व्ह वाकतील का, अशी आपली शंका आहे. बेल्ट उतरवल्याने व्हॉल्व्ह वाकत नाहीत. ते वाकतात बेल्ट नसताना क्रँक (पिस्टनना वर-खाली करणारा दांडा) फिरवल्यामुळे, किंवा बेल्ट चुकीच्या दातांवर बसवून स्टार्टर मारल्यामुळे. पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन ज्या इंजिनात एकमेकांना भिडू शकतात, त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. डिझेल इंजिने बहुतेक याच प्रकारची असतात. आपले इंजिन कोणते हे ठाऊक नसेल, तर तेही तसेच आहे असे धरून चालावे.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि पेट्रोल इंजिन असल्यास स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. क्रँक पुलीचा बोल्ट घट्ट बसलेला असतो आणि सैल करताना क्रँक हलतो, म्हणून ते काम क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या गिअरवरच्या, म्हणजे दातेरी चाकांवरच्या, खुणा जुळवण्यापूर्वीच उरकावे. कॅम-क्रँक जागच्या जागी अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिनांवर तो जोर मुळीच देऊ नये. त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीवर, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या टोकाला, आणावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होत असल्याने क्रँकची खूण जुळूनही कॅमची खूण नेमकी विरुद्ध बाजूला असू शकते. तसे दिसल्यास बेल्ट काढण्यापूर्वी क्रँक आणखी एक फेरी फिरवावा. जुन्या बेल्टवर रंगाच्या रेघा मारून त्या नव्यावर उतरवण्याची पद्धत सोयीची आहे, पण आधीचा बेल्टच एक दात चुकून बसला असेल तर ती चूकही तशीच उतरते. भरवसा कारखान्याने दिलेल्या खुणांवरच ठेवावा.

बेल्ट निघताच स्प्रिंगांच्या दाबाने कॅम कधीकधी काही अंश झटक्यात सरकतो. अशा वेळी तो लांबच्या वाटेने पूर्ण फिरवून आणू नये, पाना लावून जवळच्या बाजूने सावकाश परत आणावा. साध्या चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक टीडीसीपासून 90 अंश मागे घेतला की चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम निर्धास्त फिरवता येतो. नंतर क्रँक पुन्हा टीडीसीवर आणावा. तीन सिलिंडरच्या किंवा व्ही इंजिनाला हा हिशेब लागू नाही, तिथे त्या इंजिनाचे मॅन्युअलच पाहावे.

नवा बेल्ट क्रँकपासून चढवत जावा आणि ढिलाई फक्त टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाच्या) बाजूला राहू द्यावी. ताण दिल्यावर स्टार्टरला हात लावण्यापूर्वी क्रँक पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. फिरवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर हाताला लागतो, पण तो लवचिक असतो आणि हळूहळू सुटतो. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला तर पाना भिंतीला अडल्यासारखा एकदम थांबतो. तिथे जोर न लावता मागे यावे आणि बेल्ट पुन्हा बसवावा. हाताच्या अशा हलक्या टेकण्याने सहसा काही वाकत नाही, स्टार्टरच्या झटक्याने मात्र वाकते.

दोन फेऱ्यांनंतर गिअरवरच्या खुणा पुन्हा तपासाव्यात. बेल्टवरच्या रेघा तेव्हा जुळणार नाहीत, त्याने बिचकू नये. गिअरची खूण मात्र एका दातानेही चुकली असेल तर ती चालवून घेऊ नये, कारण 40 दातांच्या कॅम गिअरवर एक दात म्हणजे कॅमचे 9 आणि क्रँकचे 18 अंश होतात.