चिनी वैद्यकग्रंथ वाचायचे तर कोणती लिपी?

तू बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पुढे चिनी वैद्यकाचे मूळ ग्रंथ वाचून आयुर्वेदाशी ताडून पाहायचेत. क्लासमध्ये सरलीकृत, म्हणजे कमी रेघांची नवी लिपी शिकवतात, ती पुरेल का, असं विचारलंयस.

ग्रंथच वाचायचे असतील तर पुरणार नाही. पारंपरिक, म्हणजे जुनी लिपी शीक. सरलीकरणाची अधिकृत योजना १९५६ ची; ली शीजन या वैद्याचा 'बनत्साव कांगमू' हा औषधींचा ग्रंथ छापला गेला १५९६ मध्ये. आज चीनमध्ये जुने ग्रंथ सरलीकृत लिपीतही मिळतात, पण खरी अडचण तिथेच आहे. पोटातली गाठ आणि लक्षण, यांना पूर्वी दोन वेगळी अक्षरं होती. आता दोन्हीसाठी लक्षणाचंच अक्षर लिहितात, त्यामुळे नवखा वाचक गाठीच्या जागी लक्षण वाचतो. आलं या कंदाच्या जुन्या अक्षरावर वनस्पतीची खूण असते. नव्यात ती गेली आणि 'च्यांग' हे आडनावाचं अक्षर उरलं. सरलीकृत मजकूर संगणकाने जुन्या लिपीत उलटवलास, तर नेमक्या अशाच जागी चुका होतात.

तरी क्लास सोडू नकोस. एचएसके ही चीनची चिनी भाषेची परीक्षा सरलीकृत लिपीतच असते. वहीत दोन रकाने कर, डावीकडे नवं रूप, उजवीकडे जुनं. रोज आठ-दहा शब्द, आणि हाताने जुनंच लिहायचं. बरीच अक्षरं एकाच घटकाच्या बदलाने बदलतात. 'बोलणे' आणि 'धातू' यांच्या खुणा एकदा बसल्या की शेकडो अक्षरं आपोआप ओळखू येतात. दोनाचं एक झालेल्या अक्षरांसाठी मात्र वेगळं पान ठेव, ती पाठच करावी लागतात.

लिपी आली की ग्रंथ उघडेल, असं मात्र समजू नकोस. देवनागरी येते म्हणून चरक कळत नाही, संस्कृत लागतं. तसं इथे अभिजात चिनी लागतं. सुरुवात 'शांगहान लुन' या जुन्या चिनी वैद्यकग्रंथापासून कर. त्यातली कलमं छोटी आहेत. पहिलंच बघ: नाडी वर तरंगते, डोकं-मान आखडून दुखते, थंडी नकोशी वाटते. यातलं 'नकोशी' दाखवणारं अक्षर एरवी 'वाईट' अशा अर्थाने येतं आणि त्याचा उच्चारही वेगळा असतो. आधुनिक चिनीच्या भरवशावर वाचणारा तिथे 'वाईट थंडी' वाचून पुढे जातो.

चिनी अभ्यासासाठी शांतिनिकेतनचं चीना भवन १९३७ पासून आहे. तैवानमध्ये रोजचा व्यवहारच पारंपरिक लिपीत चालतो, तिथल्या सरकारची चिनी भाषा शिकण्यासाठीची ह्वायू शिष्यवृत्ती बघ. अर्ज करण्याआधी किमान सहा महिने ही वही चालवलेली असू दे.