कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला क्रूझ जहाज सकाळी ८ ते दुपारी ४ थांबणार आहे. आठ तासांत जहाजाने काढलेली बेटावरची टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

आधी ते "आठ तास" डोक्यातून काढा. आठ तास जहाजाला मिळतात, तुम्हाला पाच मिळतात.

तिथल्या जॉर्ज टाउन बंदराला मोठं क्रूझ जहाज लागेल असा धक्काच नाही. एप्रिल २०२५ मध्ये यावर सार्वमत झालं, त्यात लोकांनी नवा धक्का नाकारला. त्यामुळे जहाज बाहेर उभं राहतं आणि टेंडर बोटी माणसांची ने-आण करतात. ८ ला जहाज पोचलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी आल्याशिवाय कुणी उतरत नाही. मग पहिल्या बोटी जहाजाच्या टूरवाल्यांच्या. बाकीच्यांनी टेंडरचा नंबर घ्यायचा आणि पुकारा होईपर्यंत बसायचं. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ. नाश्ता रमतगमत केलात तर दहा. दुसऱ्या टोकाला, जहाज ४ ला सुटणार म्हणजे शेवटची टेंडर साधारण ३ ते ३:३० ला. नेमकी वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर येणाऱ्या पत्रकात असते. त्या बोटीची रांग उन्हात आणि लांबलचक असते, म्हणून अडीचला रांगेत उभे राहा.

आता घड्याळ. या विषयावर मी इतक्या जणांशी वाद घातलाय की आता थेट सांगतो: मोबाईलवर विश्वास ठेवू नका. केमनमध्ये उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत. बरीच जहाजं जिथून निघतात ती मायामी मात्र मार्च ते नोव्हेंबर एक तास पुढे असते. काही जहाजं बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही मायामीचीच वेळ चालू ठेवतात. नाही बदललं, तर जहाजावर साडेतीन वाजलेले असताना किनाऱ्यावरच्या मोबाईलला नेटवर्क मिळून तो अडीच दाखवतो. माणूस निवांत आइस्क्रीम खात बसतो आणि शेवटची टेंडर निघून जाते. उपाय साधा आहे: उतरण्याआधी मोबाईलमधली "आपोआप वेळ" बंद करा, किंवा साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. परत यायच्या वेळा जहाजाच्या घड्याळाने दिलेल्या असतात, बेटाच्या नाही.

"एवढे पैसे भरलेत, थांबतील की!" नाही थांबत. बंदराची वेळ, पुढच्या बंदराची वेळ आणि इंधन, सगळं ठरलेलं असतं. गँगवेवर, म्हणजे जहाजात चढण्या-उतरण्याच्या दारावर, प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण आलं नाही हे त्यांना नावानिशी कळतं. मग सुरक्षा कर्मचारी केबिन उघडतात, पासपोर्ट सापडला तर तो किनाऱ्यावरच्या पोर्ट एजंटकडे (जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीकडे) देतात आणि जहाज निघतं. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खर्चाने. त्यात भारतीय पासपोर्ट असला तर पुढच्या देशाचा व्हिसा हा वेगळा डोंगर. पोर्ट एजंटचा नंबर त्याच पत्रकावर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टचाही. हे दोन फोटो न काढणाऱ्यांची मला दया येत नाही.

जहाजाच्या टूरचा खरा फायदा इथेच आहे. तिची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी घेतं. समुद्र हलायला लागला आणि कॅप्टनने टेंडर रद्द केली तर पैसेही परत मिळतात. बाहेरून बुकिंग केलंत तर "जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा" हे लेखी घ्या, तोंडी नको.

माझं मत: स्टिंगरे सिटीला जायचं तर टूर घ्या, नुसत्या किनाऱ्यासाठी घेऊ नका. स्टिंगरे सिटी म्हणजे नॉर्थ साउंडमधला वाळूचा उथळ दांडा, पाणी साधारण कमरेपर्यंत. कोळी तिथे मासे साफ करायचे, त्या वासाने पाकटी (स्टिंगरे, चपटे मासे) जमायला लागल्या, त्या कायमच्याच. बस आणि बोट धरून तीनेक तास जातात. पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. पाऊल घासलं की पाकट आधीच बाजूला होते. वरून पाय पडला तर ती शेपटीचा काटा मारते. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टर गाठा. फोटोसाठी तिला पाण्याबाहेर उचलू नका, तिथे ते बेकायदा आहे.

सेव्हन माइल बीचला मात्र बंदराबाहेरून माणशी भाड्याची व्हॅन मिळते. (नावात सात मैल, मोजून भरत नाहीत.) अमेरिकी डॉलर सगळीकडे चालतात, फक्त पाटीवरचा भाव कोणत्या डॉलरमध्ये आहे ते विचारा. दुकानात १ केमन डॉलर म्हणजे १.२५ अमेरिकी धरतात, म्हणजे "१०" लिहिलेल्या वस्तूचे साडेबारा जातात. सुट्ट्या नोटा ठेवा.

स्नॉर्केल (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करणार असाल तर लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. पालथं तरंगताना पाठ आणि गुडघ्यामागचा भाग भाजतो, आणि ते रात्री कळतं. नव्या मास्कच्या काचेला कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढला नाही तर धुकं हटत नाही. मिशी असेल तर नाकाखालून पाणी शिरणारच. मिशीची वरची कड थोडी कापा, नाहीतर दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करा. जहाजावरची फळं पिशवीत घालून उतरू नका, बाटलीबंद पाणी चालतं.

हो, एक राहिलंच. हे सगळं धडधाकट माणसासाठी. टेंडरमध्ये चढताना बोट वरखाली होते आणि मधली फट ओलांडावी लागते. गुडघेदुखी, व्हीलचेअर किंवा कडेवरचं मूल असेल तर आदल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसला विचारून घ्या. लाटा असतील तर व्हीलचेअरला सरळ नाही म्हणतात, आणि ते ऐनवेळी गँगवेवर ऐकण्यापेक्षा आदल्या रात्री ऐकलेलं बरं.