कॅनडात ४३ व्या वर्षी आलो. निवृत्तीसाठी आधी आरआरएसपी भरू की टीएफएसए?

तुम्ही लिहिलंय की २०२२ मध्ये ४३ व्या वर्षी पुण्याहून ब्रॅम्प्टनला आलात, पगार ७० हजार डॉलर आहे आणि म्हातारपण पुण्यात काढायचा विचार आहे. मग आधी वर्षं मोजा. खात्यांचं (आरआरएसपी म्हणजे भरताना करात सूट देणारं निवृत्तीचं बचत खातं, टीएफएसए म्हणजे ज्यातून काढताना कर लागत नाही ते बचत खातं) नंतर बघू.

६५ व्या वर्षी सुरू होणारी ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, पगारावर नाही, इथल्या वास्तव्यावर ठरते. अठरा पूर्ण झाल्यावर ४० वर्षं इथे राहिलात तर पूर्ण रक्कम, नाहीतर जितकी वर्षं तितके चाळिसांश. तुम्ही ६५ चे व्हाल २०४४ मध्ये. म्हणजे २२ वर्षं, ५५ टक्के. आता खरी मेख ऐका: हे पैसे पुण्यात बसून कायम घ्यायचे तर इथली २० वर्षं लागतात. ती भरली नाहीत तर देश सोडल्यावर सहा महिन्यांनी पैसे थांबतात. तुमच्या हिशोबात दोनच वर्षं जास्तीची आहेत. मध्येच आईवडिलांसाठी दोन-तीन वर्षं तिकडे जाऊन राहायचं मनात असेल, तर आत्ताच गणित मांडा. भारताशी झालेला सामाजिक सुरक्षा करार २०१५ पासून लागू आहे. त्यामुळे तिकडच्या पीएफच्या नोकरीची वर्षं पात्रतेच्या कामी येऊ शकतात, पण रक्कम वाढत नाही. सीपीपीला (कॅनडा पेन्शन प्लॅन, पगारातून कापलेल्या वर्गणीवर मिळणारी पेन्शन) मात्र अशी वास्तव्याची अट नाही. ६५ ऐवजी ६० ला घेतलीत तर ३६ टक्के कमी, ७० पर्यंत थांबलात तर ४२ टक्के जास्त.

आता खाती. कंपनी तुमच्याइतकीच भर घालत असेल, तर तेवढी आरआरएसपी डोळे मिटून भरा. त्यापुढे मी तुमच्या जागी असते तर आधी टीएफएसए भरला असता. आरआरएसपीत आज जी सूट मिळते ती उद्या पैसे काढताना कर म्हणून परत द्यायची असते, आणि ७१ व्या वर्षाअखेर ते खातं बंद करून पैसे बहुतेक जण आरआरआयएफमध्ये (निवृत्तीत पैसे काढायच्या खात्यात) वळवतात. तिथून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. तुमच्या ओंटारियो प्रांतात ७० हजारांवर शेवटच्या डॉलरला साधारण ३० टक्के कर लागतो. पगार लाखाच्या पुढे गेला की तीच सूट जास्त मोलाची. न वापरलेली मर्यादा (आदल्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्के, वर कमाल रकमेची टोपी) पुढे जमा होत राहते, घाई नाही.

टीएफएसएत मी स्वतः तोंडघशी पडलेय. मी २०११ ला नाशिकहून आले. २०१४ च्या फेब्रुवारीत बँकेतला मुलगा म्हणाला, "मर्यादा ३१ हजार आहे, भरून टाका." मी भरले. ३१ हजार हा आकडा २००९ पासून इथे असलेल्यांचा होता, माझा होता २१ हजार. जादा १० हजारांवर महिन्याला एक टक्का, अकरा महिने, एकूण ११०० डॉलर दंड. २०१५ ची मर्यादा सरकारने अचानक १० हजार केली, म्हणून जादाचे पैसे त्यात मुरले. नशीब, दुसरं काय! पुढच्याच वर्षी ती परत ५,५०० वर आणली. तुमची मोजणी २०२२ पासून: ६,०००, ६,५००, ७,०००, ७,०००. म्हणजे २०२५ पर्यंत २६,५००. लोक २०२५ पर्यंतचे एक लाख दोन हजार म्हणतात, तो आकडा २००९ पासून इथे असलेल्यांचा, तुमचा नाही.

पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय असं तुम्ही लिहिलंय. ते भाडं, एफडीचं व्याज आणि हो, पीपीएफचं व्याजसुद्धा इथल्या विवरणात दाखवावं लागतं. तिकडे करमुक्त असलं म्हणून इथे नाही. परदेशातल्या अशा मालमत्तेची एकूण किंमत लाख डॉलरवर गेली की ती कळवायचा टी११३५ फॉर्मही भरायचा. पहिल्या वर्षी तो माफ असतो. भाड्याच्या फ्लॅटसाठी तुमची खरेदीकिंमत नाही, कॅनडात आलात त्या दिवशीचा बाजारभाव धरतात. त्या तारखेचं मूल्यांकन काढून ठेवलं नसेल तर येत्या सुट्टीत पुण्यात एखाद्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या. फ्लॅट विकताना नफाही तिथूनच मोजतात.